तिसरा दगड

६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही पाठवलेली फोटोची फ्रेम मिळाली. काच कुठेही तडकली नाही. पाणवठ्यावर अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं. तिच्या डोळ्यात आभाळ दिसतंय, इतका स्वच्छ फोटो आला आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाच घेणार म्हणालात, शोभून दिसेल. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारतो, हीच का ती? मी हो म्हणते. जनावरावर राग धरून काय करू? तिची पिल्लं लहान होती.

मला फाटकावर काम दिलं आहे. जंगलात जाणाऱ्या गाडीचा नंबर, आत माणसं किती, गेली कधी, आली कधी, हे वहीत लिहायचं. साहेबांनी विचारलं, शाळा किती झाली? म्हटलं, शाळा नाही, पण विश्रामगृहात पाहुणे पुस्तकं विसरून जातात, ती सगळी वाचली आहेत. हसले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या सोमवारी माझ्या खिडकीच्या बरोबर समोर पाटी लावली. “फोटोसाठी प्राण्यांच्या जवळ जाऊ नका. आमच्या एका अनुभवी रखवालदाराने फोटोच्या मोहात सुरक्षित खूण ओलांडली व प्राण गमावले.” नाव नाही. पण इथे गेल्या वर्षात मेलेला रखवालदार एकच आहे. दिवसाला पन्नास-साठ गाड्या थांबतात. लोक पाटी वाचतात आणि माझ्याच खिडकीत वाकून विचारतात, “बाई, कोण हो हा शहाणा?”

भाऊजी, ह्यांना अख्खं खातं मापाडी म्हणायचं. स्वयंपाकघरातून अंगणात जातानाही पावलं मोजणारा माणूस. नव्वद पावलांवर माणूस उभा राहिला तर अस्वलीण पाणी पीत राहते, ऐंशीवर आला की मान वर करते, हे ह्यांनी चार वर्षं बघून ठरवलं. म्हणून पाणवठ्यापासून नव्वदावर वाटेवरचा तिसरा, शेवटचा पांढरा दगड. त्याच्या पुढे स्वतः गेले नाहीत, साहेबाला जाऊ दिलं नाही, तुम्हालाही नाही. किती रुसायचात तुम्ही! “दादा, दहा पावलं दे की रे.” आणि हे म्हणायचे, “मी देईन. तिला विचारलंस का?”

साहेब म्हणतात, देह दगडाच्या बत्तीस पावलं पुढे पडला होता, टेप लावून मोजलं. आणि गळ्यात कॅमेरा होता. तो तर तुम्हीच जाताना भेट दिलेला. भावानं दिलाय म्हणून घालून गेले, एवढंच. तुमच्या शब्दाला वजन आहे. मापाडी खूण ओलांडणारा माणूस नव्हता, इतकं एक वाक्य साहेबांना लिहा. पाटी उतरली की मला खिडकी उघडी ठेवता येईल.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दादा गेला त्याला तीन महिने होत आले, पण कॅमेरा डोळ्याला लावला की अजून मागून आवाज येतो, “बस, तिथेच.”

पाटीचं फार मनाला लावून घेऊ नका. सरकारी भाषा तशीच असते. आणि तुम्ही हल्लीचे लोक बघताच. पोरगं कडेवर घेऊन हत्तीच्या पुढ्यात उभे राहतात, कशासाठी, तर फोटो. दादाच्या पाटीनं त्यातला एक जरी मागे फिरला, तरी दादाला बरंच वाटेल. तो आयुष्यभर तेच करत आला.

साहेबांना लिहायला माझी ना नाही. पण एक अडचण आहे. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्या भावाला फोटोचा नाद होता का? कॅमेरा मीच दिलेला, खोटं कसं बोलणार? अलीकडे थोडा लागला होता, असं म्हणालो. सहा आठवडे मोडलेला पाय वर बांधून पडलेला माणूस पहिल्यांदा बाहेर पडला. जरा वाहवला असेल. माणूसच तो. आता उलट लिहिलं तर साहेब म्हणतील, तेव्हा खोटं बोललात की आता?

माझ्यापुरतं सांगतो. पुस्तकातला एकही फोटो तिसऱ्या दगडाच्या पुढे जाऊन काढलेला नाही. दादाची शपथ. प्रस्तावनेतही तसं छापलं आहे, आणि ज्या स्पर्धेत मुखपृष्ठाच्या फोटोला बक्षीस मिळालं, तिच्या परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं. पुस्तक दादालाच अर्पण केलं आहे. प्रकाशन एप्रिलअखेर. तुम्ही यायचं आणि व्यासपीठावर बसायचं, नाही म्हणायचं नाही.

तुमचा भाऊजी

२२ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र तीनदा वाचलं. “थोडा लागला होता” असं तुम्ही साहेबांना सांगितलंत, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं, लपवत नाही. मग मनाला समजावलं की भाऊ गेल्यावर माणूस भांबावतो, तोंडातून काहीही जातं.

पण तुमची समजूत चुकली आहे. तो कॅमेरा मी पेटीत ठेवला होता. आपल्या जीपवाल्यानं परवा तो चार्ज करून दिला. आत अकरा फोटो निघाले. चार मांजरीचे, एक स्वतःच्या प्लास्टरमधल्या पायाचा, बाकी सहा माझे. भाकरी थापताना, पुस्तक वाचताना, एकात तर मी तोंड उघडं टाकून झोपलेय. जीपवाला म्हणाला, “वहिनी, मापाडीनं एकाच रानटी जनावराचे फोटो काढलेत.” तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले मी. जंगलातलं पानही नाही त्यात. हा कसला नाद?

त्या सकाळचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. धुकं इतकं होतं की अंगणातली कपड्यांची तार दिसत नव्हती. म्हटलं, आज नको, उद्या जा. म्हणाले, “चौकीपासून तिसऱ्या दगडापर्यंत माझी दोनशे पावलं. पण पाय अजून आखूड पडतोय, आज सव्वादोनशे होतील की अडीचशे, मलाच माहीत नाही. म्हणून आज मोजायचंच नाही. तिसरा दगड पायाशी आला की थांबायचं, कान द्यायचा, परत यायचं. भावानं ठेवलेत दगड.” आणि काठी घेऊन निघाले.

असं बोलून गेलेला माणूस दगड सोडून पुढे का जाईल, हे मला सुटत नाही. धुक्यात दगड दिसलाच नाही, असं म्हणावं, तर तुम्ही नवा चुना लावला होतात.

पावसाळ्यात दगड ढळतात, म्हणून दरवर्षी हे ते नव्यानं मोजून ठेवायचे. यंदा पाय मोडला म्हणून ते काम तुम्ही केलंत, महिनाभर आमच्याकडे राहिलात, हे मी विसरणार नाही. तुमचं पाऊल लांब पडतं, म्हणून मी चादरीच्या किनारीची दोरी शिवून दिली होती, ह्यांच्या दहा पावलांची, दर पावलाला एक गाठ. ती तुम्ही घडी घालून, पांढरीशुभ्र परत दिलीत. चिखलातून नऊ वेळा ओढलेली दोरी! मी ह्यांना म्हटलंही, भाऊजींनी धुऊन दिली बघा, नाहीतर तुम्ही. अजून पेटीत तशीच आहे.

एक मागणं आहे. तुमच्या फ्रेममध्ये नुसती अस्वलीण आहे. ह्यांचा पांढरा दगड दिसतो असा एखादा फोटो असेल तर पाठवा. मला भिंतीवर दगडच लावायचा आहे.

तुमची वहिनी

१९ मार्च

ताई,

अक्षर बघून दचकू नका, मी लिहितेय, तुमची धाकटी जाऊ. तुम्ही मागितलेल्या फोटोचं ह्यांना दोनदा सांगून झालं. “बघतो” म्हणाले. ह्यांचं “बघतो” म्हणजे काय, ते अठरा वर्षं संसार केल्यावर मला कळतं. आता हे प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेलेत, तेव्हा मीच खोकी उपसली. फोटोतलं मला काही कळत नाही, पण पांढरा दगड कळतो.

हा घ्या. मुखपृष्ठाचाच आहे, पण कापायच्या आधीचा, अख्खा. खालच्या कोपऱ्यात दगड स्वच्छ दिसतोय, बाजूला ते जळकं खोड. छापताना ह्यांनी तेवढा भाग का कापला, कोण जाणे. मला तर हाच आवडतो. मागे तारीख ह्यांच्या हातची आहे, ८ नोव्हेंबर.

मी पसारा केला हे ह्यांना सांगू नका हं. हल्ली एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येतात. भाजीत मीठ कमी, ओरड. दार जोरात लागलं, ओरड. जेवता जेवता घास हातात धरून बसतात. बक्षीस मिळालेल्या माणसानं खरं तर खूश असावं, नाही का? दादांची आठवण येत असेल. मी विचारत नाही.

प्रकाशनाला या. तुमच्यासाठी पलंगावर नवी चादर घालून ठेवते.

तुमची जाऊ

२ एप्रिल

भाऊजी,

जावेनं पाठवलेला फोटो मिळाला. तिला रागवायचं नाही. मी मागितला, तिनं भोळेपणानं दिला.

पहिल्यांदा दगड बघून मला भरून आलं. चुन्याच्या दोन थरांचा, ह्यांना आवडायचा तसा. मग दगडाच्या शेजारचं खोड बघितलं. वीज पडून दुभंगलेलं, आतून काळं. पाणवठ्याच्या वाटेवर असं खोड एकच आहे. ह्यांच्याबरोबर त्या वाटेनं मी इतक्यांदा गेलेय की डोळे मिटून सांगेन. तिसऱ्या दगडाजवळ उभं राहून हे बोटानं दाखवायचे, “ते खोड बघ. तिथून पुढे तिचं घर.” खोड दगडापासून लांब दिसायचं. तुमच्या फोटोत दगड खोडाला चिकटून आहे.

मला वाटलं माझंच चुकतंय. डोळ्यांना आता चष्मा आहे. म्हणून पेटीतून दोरी काढली आणि जीपवाल्याला म्हटलं, मला पाणवठ्यावर ने. तो म्हणाला, “वहिनी, साहेब मला झाडाला टांगतील.” तरी नेलं. भर दुपारी, ती दाट झाडीत झोपलेली असते तेव्हा. तो गाडी चालू ठेवून उभा, मी दोरी ओढतेय. पाण्याच्या काठापासून खोडापर्यंत पाच वेळा पूर्ण दोरी आणि वर आठ गाठी. अठ्ठावन्न. तिथून आता जिथे दगड आहे तिथपर्यंत आणखी बत्तीस. हे पडले होते तेही अठ्ठावन्नावर.

परत निघताना दोरी हातात घेतली तर लाल चिखलानं भरली होती. घरी येऊन तीन पाण्यांत धुतली. गाठींच्या आतला चिखल निघतच नाही. अजून तांबडी आहे. तुम्ही दिली होतीत ती धुतलेली नव्हती, भाऊजी. वापरलेलीच नव्हती. आणि मी तुमचं कौतुक करत बसले.

परत येताना जीपवाल्यानं मध्येच गाडी थांबवली. मग स्वतःच म्हणाला, “त्या दिवशी मापाडीला उचलताना माझा अंगठा फुटला होता. धुक्यात कशाला तरी जोरात ठेचकाळलो. नख गेलं. खोडाजवळ दगड कुठून आला, असं मनात आलं होतं. पुन्हा बघायला गेलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं, म्हणून बोललो नाही.”

हे गेले वीस नोव्हेंबरला. तुम्ही एकवीसला आलात. बावीसला पहाटे “दादाची जागा एकदा बघून येतो” म्हणून एकटेच गेलात, आणि आलात तेव्हा तुमच्या बोटांना चुना होता. मी तुम्हाला हात धुवायला तांब्या दिला. तेवीसला साहेबांनी टेप लावली.

मला समजूत नको, उत्तर हवंय. तिसरा दगड खोडापाशी कुणी नेला? आणि परत कुणी आणला?

वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

दोन आठवडे कागद पुढ्यात घेऊन बसतोय.

मी नेला. दादाला वाईट व्हावं म्हणून नाही, देवाशप्पथ. नव्वदावरून सात वर्षं फोटो काढले, सगळे लांबचे. तिच्या डोळ्यात काही दिसायचं नाही. दादा अंथरुणावर होता, मी दगड ठेवायला गेलो, आणि मनात आलं, यंदा थोडं पुढे ठेवून बघू. तिनं मान वर केली, हे खरं. रोज केली. पण अंगावर आली नाही. मी रोज एकाच जागी, हलायचो नाही, तिला माझी सवय झाली होती. मला वाटलं, दादाचं माप जुनं झालं.

दगडाच्या पुढे जाऊन फोटो काढला नाही असं लिहिलंय, त्यात शब्दानं खोटं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

निघायच्या दिवशी दगड परत ठेवणारच होतो. आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. सकाळी कॅमेऱ्याचा फिल्टर सापडेना, शोधण्यात वेळ गेला, बस सुटायला आली. तुम्ही डबा बांधून दिलात, दादा दारापर्यंत काठी टेकत आला. मला वाटलं, तो अजून दोन आठवडे तरी उठत नाही, तोवर कळवू. मग प्रदर्शनाची धावपळ. मग तुमचा फोन.

परत ठेवला तो दुसरं कुणी मरू नये म्हणून. हे तरी खरं माना. साहेब टेप घेऊन येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. आणि त्यांनी विचारलं तेव्हा दगडाचं नाव मी काढलं नाही. एकदा थोडा नाद होता म्हटलं, की पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं.

वहिनी, दादाला अस्वलानं मारलं. मी नाही. आता हे उघड झालं तर दादा परत येणार आहे का? पुस्तक छापून झालंय, बक्षीस काढून घेतील, मुलीचं कॉलेजचं वर्ष आहे, ती मान वर करू शकणार नाही. मी काय म्हणतो ते शांतपणे ऐका. साहेबांच्या वरच्यांशी माझी ओळख आहे. पाटी काढायला लावतो. कारण काही सांगायचं नाही, नुसती पाटी जाईल. तुम्हाला तेवढंच हवं होतं ना? तो फोटो मात्र जाळून टाका. आणि हे पत्रही.

तुमचाच भाऊजी

५ मे

तुमचं पत्र पोचलं. जाळलं नाही. प्रकाशनालाही आले नाही.

दोन दिवस फाटकावर बसून तुमच्या म्हणण्याचा विचार केला. पाटी जाईल, लोक वाकून विचारायचं थांबतील. सोपं होतं. मग मनात आलं, पाटी गुपचूप गेली तर साहेबांना वाटेल, विधवेनं रडून-भेकून पाटी उतरवली. आणि नव्या रखवालदारांना शिकवताना हेच सांगत राहतील, मापाडीसारखं करू नका. सकाळी व्हरांड्यात त्यांचा वर्ग भरतो, मला खिडकीतून ऐकू येतं.

म्हणून परवा साहेबांकडे गेले. फोटो, दोरी, कॅमेरा आणि तुमचं पत्र टेबलावर ठेवलं. जीपवाल्यानं चप्पल काढून अंगठा दाखवला, नख अजून वाकडं येतंय. साहेब आधी ऐकेनात. “बाई, आता कशाला?” म्हणाले. मग फोटोच्या मागची तारीख बघितली, उठले, आणि आम्हाला घेऊन पाणवठ्यावर आले. टेप त्यांनी लावली, दोरी मी. दोन्ही एकच बोलले. येताना गाडीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी त्यांच्या भावाला विचारलं, त्यांच्या मापाला विचारलं नाही,” एवढंच म्हणाले. पुढे काय करायचं ते त्यांचं खातं आणि तुमचे परीक्षक बघतील. त्यात मी बोलणार नाही.

मला दुसरंच खुपतंय. दगड हलवलात ते एक. तुम्हाला फोटो हवा होता, माणूस हावरट होतो. परत ठेवलात तेही समजेन, घाबरला असाल. पण मग तुम्ही आमच्या अंगणात आलात, माझ्या शेजारी बसलात, आणि मी विचारलं, “भाऊजी, हे पुढे का हो गेले असतील?” आठवतंय? तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, “वहिनी, काही गोष्टींना उत्तर नसतं.” तेव्हा तुमच्या नखात चुना होता. चार महिने मी ह्यांच्यावर चिडले, भाऊजी. रात्रंदिवस मेलेल्या माणसाशी भांडले की मला सोडून तुम्ही पुढे गेलातच का. तुम्ही मला त्यांच्याशी भांडायला लावलंत. ते चार महिने मला कोण परत देणार?

ते कुठेही पुढे गेले नव्हते. दगड पायाशी आला, तिथे थांबले. मला सांगून गेले होते तसेच.

तुमची फ्रेम परत पाठवतेय. अस्वलिणीवर माझा राग नव्हता, आजही नाही. तिनं कधी फसवलं नाही. अमुक पावलांवर मान वर करीन, त्याच्या आत आलात तर पिल्लांसाठी धावेन, हे तिनं चार वर्षं सरळ सांगितलं, आणि ह्यांनी ते ऐकून दगड ठेवला. तिचं सोडा, तुम्हाला तुमच्याच भावाची ओळख पटली नाही.

जावेला मी काही कळवलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं, समोर बसवून. तिच्यावर ओरडलात असं मला कळलं तर तिला माझ्याकडे घेऊन येईन. पलंगावर चादर माझ्याकडेही आहे. मुलीनं मान वर ठेवावी, तिनं काही केलेलं नाही.

जुनी पाटी काल उतरली. नवीचे शब्द साहेबांनी मला लिहायला सांगितले. मी तीनदा खोडून लिहिले, अजून सरळ आलेत की नाही, माहीत नाही. “पाणवठ्याच्या वाटेवरचा पांढरा दगड मोजून ठेवला आहे. फोटोसाठी त्याच्या पुढे जाऊ नका आणि तो हलवू नका. कुणीतरी हलवला, आणि त्यावर भरवसा ठेवून थांबलेला आमचा मापाडी गेला.” आज सकाळी एका गाडीतल्या बाईनं वाचलं आणि वाकून विचारलं, “कोण होते हो हे?” मी खिडकी पूर्ण उघडली आणि सांगितलं.

पावसाळा सरला की दगड पुन्हा मोजून ठेवायचे आहेत. साहेब म्हणाले, दोरी खात्यात जमा करा. मी नाही म्हटलं. ती दोरी आता कुणाच्या हाती देणार नाही. मोजायला मीच जाते.

मापाडीची बायको